सरव्याला बोलावणं

कार्तिक उतरणीला लागला की आमच्या करडी गावच्या शिवारात पिकल्या धानाचा वास भरून राहतो. सकाळी तो दवात भिजलेला असतो, गवताच्या आणि कोवळ्या दुधाच्या मधला. दुपारी उन्हानं लोंब्या करकरीत झाल्या की त्याला लाहीचा खरपूसपणा येतो. मी इतकी वर्षं या वासाला नाव शोधते आहे. मराठी शिकवण्यात उभी नोकरी गेली, पण हा एक शब्द काही हाती लागला नाही.

यंदा तो वास दोनच दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बांध्यांत, मातीच्या उंच धुऱ्यांनी वेढलेल्या त्या लहान लहान चौकोनांत, हार्वेस्टर उतरला आणि हवा डिझेलनं जड झाली. यंत्राला मी नावं ठेवत नाही. ज्यांच्या कमरा कापणीत मोडल्या, त्यांच्या तोंडून यंत्राची निंदा मी कधी ऐकलेली नाही. पण ते निघून जातं तेव्हा ओल्या भुईवर दोन खोल माग उरतात. त्या मागांत हिरवे ठिपके चिरडलेले असतात, आणि त्यानंतर त्या बांधीत पाखरांखेरीज कुणी उतरत नाही. धुऱ्यावर उभी राहून मी ते माग पाहत होते, आणि मला तीन वर्षांपूर्वीची कापणी आठवत होती.

ते हिरवे ठिपके लाखोरीचे, लाख डाळीच्या कोवळ्या रोपांचे. धान उभं असतानाच, कापणीच्या पंधरवडाभर आधी, बांधीतल्या शेवटच्या ओलीवर लाखोरीचे दाणे फेकायचे, ही आमच्याकडची रीत. नांगर नाही, पाणी नाही, खत नाही. तिला उतेरा म्हणतात. धानाच्या सावलीत दाणे फुगतात. विळा फिरतो तेव्हा बोटभर रोपं खाली उजेडाची वाट पाहत असतात, आणि धान उचललं गेलं की महिन्याभरात त्याच जमिनीवर एक दाट, गार अंथरूण पसरतं. धानानं जमिनीतून जे घेतलं, त्यातलं काही लाखोरी आपल्या मुळांच्या गाठींतून परत ठेवते. पौषात तिला निळी फुलं येतात. इतकी लहान की वाकल्याशिवाय दिसत नाहीत.

त्या वर्षी मी पहिल्यांदा एकटीनं लाखोरी फेकली. धानाच्या पाती पोटऱ्यांना करवतीसारख्या लागत होत्या. दाण्यांची मूठ भिरकावली की आधी पातींवर सर्र असा आवाज व्हायचा आणि मग, क्षणभरानं, चिखलात विझल्यासारखा दुसरा. त्या दोन आवाजांच्या मधल्या रिकाम्या क्षणाची मला ओढ लागली. तिन्ही बांध्या संपल्या तेव्हा ऊन कललं होतं आणि दिवसभरात मी एकही शब्द बोलले नव्हते.

शहापूरच्या शाळेतून निवृत्त होऊन मी गावी परतले, त्याच्या वर्षभर आधी आई गेली होती. भाऊ पुण्यात, फोनवर तो एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत विचारतो की एवढ्याशा जमिनीचं तू एकटी काय करणार. काय करणार याचं उत्तर मी घराभोवती लावत गेले. हादग्याच्या सावलीत हळद, हळदीच्या आडोशाला सुरण, कुंपणावर वालाचे वेल, न्हाणीचं पाणी केळीला, पावसाचं पाणी मागच्या खड्ड्यात, पालापाचोळा जिथं पडेल तिथंच. नागपूरच्या एका शिबिरात मी हे शिकले होते. शिकवणारी मुलं त्याला पर्माकल्चर म्हणत आणि तीन नियम सांगत: जमिनीची काळजी, माणसांची काळजी, आणि उरेल ते वाटून देणं. तिसरा नियम वहीत लिहून घेताना मी मनाशी हसले होते. हा तर आमच्याकडे आहेच. आम्ही त्याला सरवा म्हणतो.

सरवा म्हणजे हातानं कापणी झाल्यावर बांधीत पडून राहिलेल्या लोंब्या. त्या वेचायला भूमिहीन घरांतल्या बाया येत. लहानपणी मी बापाच्या मागं धुऱ्यावरून चालत असे. शेवटचा भारा डोक्यावर घेतला की बाबा पावलांचा वेग वाढवत. मी मान वळवली की आई हळूच माझा गाल पुढं फिरवायची. "आता ते वावर आपलं नाही," ती म्हणायची. "वेचून होईपर्यंत तिकडं पाहायचं नाही." पाहायचं का नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. खेड्यातल्या पुष्कळ गोष्टी मुलांच्या गालांना कळतात आणि डोक्यापर्यंत पोचत नाहीत.

मागं वळून न पाहताही मला ठाऊक असायचं की त्या बायांत सुमित्रा आहे. आई तिला नुसतं सुमित्रा म्हणायची. मी सुमित्राकाकू म्हणते. सत्तरी ओलांडलेली, उंच, आवाज जात्यासारखा. तिचं घर गावाच्या त्या टोकाला, अंगणात पंचशील ध्वज. नवरा लवकर गेला. मुलगा चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत कामाला. मी गावी आले त्याच आठवड्यात ती माझ्या पायरीवर येऊन बसली आणि मग रोज चार वाजता येत राहिली. चहा घ्यायची, तंबाखू मळायची, आणि माझ्या शेतीची यथेच्छ टर उडवायची.

"काय वो विजू, केळीले आंघोळीचं पानी पाजून राहिली? घडाले साबनाचा वास येईन ना."

"त्याला काही होत नाही काकू. पुस्तकात दिलंय."

"तुह्या बापानं वावर नांगरलं. तू वावर वाचून राहिली." आणि मग, बशी खाली ठेवताना, "पन हळद बेस हाय."

त्या "बेस"साठी मी दिवसभर खपत होते, हे मला तेव्हा कळत नव्हतं. घरात येणारं दुसरं माणूस नव्हतं. चार वाजायच्या आधी मी पायरी झाडायची, केस नीट करायची. ती उठून गेली की संध्याकाळ विहिरीसारखी खोल व्हायची आणि मी तिच्यात आवाज न करता उतरायची.

तर त्या कार्तिकात जवळजवळ सगळ्या शिवारानं हार्वेस्टर बोलावला आणि मी बोलावला नाही. लाखोरी वाचवायची होती, लुचई धानाचं बी निवडून ठेवायचं होतं, आणि सरवा पाडायचा होता. कापणीला मिळतील त्या तीन बाया आणल्या आणि त्यांच्या जोडीला मीही विळा घेतला. पण निसटून पडलेल्या लोंब्यांवर माझं समाधान होईना. धुऱ्यालगत चार हात रुंदीचा एक लांब पट्टा मी उभाच ठेवायला सांगितला. वाटून द्यायचा नियम होता. मग तो दिसला पाहिजे, भरघोस दिसला पाहिजे.

"मॅडम, हे कोनत्या देवाले सोडून राहिल्या?" एकीनं विचारलं. बाकीच्या दोघी पदरात तोंड लपवून हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुमित्राकाकूच्या घरी गेले. अंगणात ती आणि शेजारच्या दोघी रेशनचा तांदूळ निवडत बसल्या होत्या. सुपांची लय चालू होती. मी उभ्या उभ्याच, आनंदानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काकू, कापणी झाली. तुमच्यासाठी धुऱ्याजवळ पट्टा राखून ठेवलाय. उद्या सगळ्या या सरव्याला."

सुपं थांबली.

"सरव्याले कोनी बोलावते काय, मॅडम?" काकू म्हणाली. ती मला विजू म्हणायची. मॅडम हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

शेजारीण म्हणाली, "जेवनाचं बी आवतन हाय काय संगं? का नुसतंच वाकाचं?"

काकू हसली नाही. तांदळातला एक खडा उचलून तिनं बाजूला टाकला. "हे पाय. रेशनचा तांदूर भेटते आमाले. पोट भरते. अन् माह्या बापानं धम्म घेतला त्या साली गावकीचं सारं घेनं सोडलं. शिळं सोडलं, उतरलेलं सोडलं, खळ्यावरचा वाटा सोडला. मी तवा बारकी पोर होती. पन सरवा नाई सोडला त्यानं. काहून, मालूम?"

"काहून?" मी पुटपुटले.

"कोनी देत नोहोतं म्हनून. पडला रायते, आमी उचलतो. भुईचं हाय ते, कोनाच्या हातचं नाई. तू त राखून ठेवली. बोलवाले बी आली. आता ते तुहं झालं."

सुपं पुन्हा सुरू झाली. मी परत आले.

आईनं माझा गाल का फिरवला, ते तेव्हा कळलं. बरंच उशिरा, आणि दुसऱ्याच्या अंगणात. पाहिलं की घेणारा खाली जातो आणि देणारा वर. न पाहण्यानं दोघं एका भुईवर राहतात. मी तर पाहिलं होतं, मोजूनमापून पट्टा राखला होता, आणि चार माणसांत आवतण दिलं होतं. शिबिरातली वही उघडून मी तो तिसरा नियम पुन्हा वाचला. त्यात चूक काही नव्हती. त्यात फक्त सुमित्राकाकू नव्हती.

सरव्याला कुणीच आलं नाही. पट्ट्याला नाही आणि बाकीच्या बांधीतही नाही. मुनियांचे थवे मात्र आले, उभ्या धानावर बसून ताटं वाकवू लागले. पिकून गेलेल्या लोंब्यांतून दाणे गळायचे. वाऱ्याची झुळूक आली की तो बारीक, कोरडा आवाज मला ओसरीवर ऐकू यायचा, किंवा मला वाटायचं की येतो आहे. चार वाजता मी चहा दोन कपांचा टाकायची. हाताला तेच माप बसलं होतं. दुसरा कप गार होऊन वर साय धरायचा आणि मी तो हळदीच्या बुडाशी ओतून द्यायची. आठवड्याभरानं, भर दुपारी, रस्त्यानं कुणी येत-जात नाही असं पाहून, तो पट्टा मी एकटीनं कापला. वाटून द्यायचं म्हणून ठेवलेलं ते धान माझ्याच कोठीत गेलं. त्याचा भात मी केला. पांढरा, मऊ, वासाचा भात. दोन घासांपुढं जाईना.

मला भीती कशाची वाटत होती, हे लिहायला आज सोपं आहे. धान नासेल याची नव्हती, रीत बुडेल याचीही फारशी नव्हती. सुमित्राकाकू आता कधीच येणार नाही, आणि मग या घरात माझं नाव घेऊन हाक मारणारं कुणी उरणार नाही, याची होती.

शेवटी गेले. जाताना वाटेत वाक्यं जुळवत गेले: हक्क, उपकार, सन्मान. चांगली वाक्यं होती; मुलांना निबंधात दिली असती. काकू अंगण सारवत होती. हाताला शेण, पाठ माझ्याकडं.

"काकू, मी चुकले."

"कशात?"

जुळवलेलं सगळं सांडून गेलं. "चार वाजता तुम्ही येत नाही," मी म्हणाले. "मला एकटीला भात जात नाही."

तिचा हात थांबला. ती वळली, आणि तिच्या पोटातून हसू आलं, सारं अंग हलवून टाकणारं.

"हे असं सांगाचं होतं ना वो बाई! सरव्याचं नाव कायले घेतलं? भूक तुले, अन् जेवाले आमाले बोलावून राहिली!"

मी रडले असेन. तिनं शेणाचा हात दाखवून म्हटलं, "आता मी डोळे पुसून देऊ काय तुहे?" आणि पुन्हा सारवायला वाकत, जणू भिंतीला सांगावं तसं म्हणाली, "उद्या मी नाल्यापलीकडं जाऊन राहिली. त्या म्हाताऱ्यानं हातानं कापली हाय बांधी."

"मी येऊ?"

"मले कायले इचारते? भुई माही थोडीच हाय."

दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्याच्या धुऱ्यावर उभी होते आणि पाय पुढं पडत नव्हता. धुऱ्यावरून बांधीत उतरायला वीतभर खाली पाऊल टाकावं लागतं. ती वीत किती खोल असते, हे मला माझ्या वावरात कधीच कळलं नसतं. मी शाळेतली मॅडम, माझ्या बापाची जमीन याच शिवारात. कुणी पाहिलं तर काय म्हणेल. काकू केव्हाच उतरून पुढं गेली होती. मग मी उतरले आणि वाकले.

वाकल्यावर जग बदलतं. वरून एकसारखी दिसणारी बांधी खाली हजार गोष्टींनी भरलेली असते: खेकड्यांची बिळं, गोगलगाईच्या रिकाम्या शंखांची चकाकी, कापलेल्या धसकटांची तिरपी टोकं, भिजल्या तणसाचा आंबूस वास, आणि त्या सगळ्यांतून वर आलेली लाखोरीची नखाएवढी पानं.

"रोपावर पाय नको देऊ," काकू पुढून म्हणाली. मागं न पाहताच तिला कळलं होतं. "अन् दाने कायले टिपून राहिली कोंबडीसारखी? लोंबी उचल. दाना पाखराचा हाय."

म्हातारा शेवटचा भारा घेऊन धुऱ्यावरून गेला. त्यानं मला पाहिलं, ओळखलं. क्षणभर त्याची पावलं अडखळली. मग त्यानं नजर खाली घातली आणि तो झपझप चालू लागला. त्या झुकलेल्या नजरेइतकं मोठं काही मला गावात त्याआधी कुणी दिलेलं नव्हतं.

दोन तासांत माझी एक मूठ झाली, काकूच्या पाच. तिनं आपल्यातली एकही लोंबी माझ्यात घातली नाही. नाल्यावर हातपाय धुऊन ती तिच्या वाटेनं गेली, मी माझ्या. घरी येऊन मी ती मूठ कुटली, पाखडली, सगळ्यांत लहान भांड्यात शिजवली. एका माणसाचा भात झाला, तोही ओंजळीएवढा. तो मी पूर्ण खाल्ला.

काकू पुन्हा येऊ लागली. पण ठरल्या वेळी नाही, आणि रोज नाही. यायची तेव्हा मी तिच्यासाठी काही वेगळं करून ठेवत नसे. पौषात लाखोरी गुडघ्याला लागली तेव्हा ती आणि शेजारच्या दोघी कोवळे शेंडे खुडायला माझ्या बांधीत उतरल्या, कुणालाही न विचारता. मी ओसरीवर पाठमोरी बसून तूर निवडत राहिले. त्यांच्या हसण्याचे तुकडे वाऱ्यावर येत होते. शेंडे खुडले की लाखोरी आणखी फुटते, हे मला ठाऊक होतं. एकटेपणही असंच फुटतं की काय, असा एक विचार मनात आला. तो मी कुठं लिहून ठेवला नाही.

मागच्या वैशाखात काकूचे गुडघे गेले आणि मुलगा तिला चिखल्याला घेऊन गेला, खाणीच्या वसाहतीत, दोन खोल्यांच्या घरी. अधूनमधून तिचा फोन येतो.

"इथं नळाचं पानी, ठेल्यावरची भाजी अन् काळी धूळ," ती सांगते. "सून-नातवंडं बेस हायत. आपापल्या कामाची हायत."

"आणि सरवा?"

"इथं कायचा सरवा वो, दगडाचा?"

यंदाची माझी कापणी काल संपली. एक बाई आणि मी, दोघींनीच केली. आठ दिवस लागले. शेवटचा भारा उचलून मी घरी आले. बांधी उघडी आहे. कुणी येईल असं वाटत नाही. ज्या येत त्यांतल्या एकीची नजर गेली आहे आणि दुसरी मुलीकडं असते. मी कुणाला बोलावलेलं नाही. लाखोरी वर आली आहे. तेवढं बरं वाटतं, आणि तेवढ्यानं पुरत नाही.

आज सकाळी चिखल्याला जायला निघाले. पिशवीत नव्या लुचईचे दोन शेर घातले आणि काढले. मागच्या साली वाळवलेली लाखोरीची भाजी घातली, हळदीचा गड्डा घातला, पुन्हा काढला. काहीतरी नेलं की येण्याला कारण होतं, आणि कारणाच्या आड बसता येतं. बस चुकायची वेळ आली तेव्हा पिशवी खुंटीला अडकवून मी तशीच बाहेर पडले. तुमसरला गाडी बदलली. पुढं रस्त्यावर ट्रकांच्या रांगा, झाडांच्या पानांवर काळी भुकटी, उन्हात एखाद्या पानाची कड चमकून जाई. मांडीवर मोकळे पडलेले हात कुठं ठेवावेत, ते मला सबंध वाटेत सुचलं नाही.

वसाहतीतली घरं एकसारखी. काकू दारात बाजेवर बसली होती, पाय लांब केलेले, गुडघ्यांना फडकं बांधलेलं. मला पाहून ती ओरडली नाही, हसलीही नाही. आधी तिनं माझ्या हातांकडं पाहिलं.

"काय आनलं वो?"

"काही नाही, काकू."

मग दोन्ही हातांनी आपले पाय उचलून तिनं बाजेवर एका माणसाची जागा केली.

"बरं केलं," ती म्हणाली. "बस. सकारपासून कोनासंगं बोलली नाई मी."